वडील जिथं, तिथं त्यांची नॅरोगेज

सोलापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेजवर गार्ड होते. आई गेल्यापासून ते चार महिने कुर्डुवाडीला मुलाकडे आणि चार महिने सोलापुरात मुलीकडे असे राहतात. यंदा त्यांची पंचाहत्तरी आहे. त्या निमित्तानं कुर्डुवाडीच्या जुन्या नॅरोगेज यार्डाचं चालतं मॉडेल त्यांना करून द्यायचं, तेही त्यांना अजिबात कळू न देता, असं दोघा भावंडांनी ठरवलं. पण सुरुवातीलाच दोघांचं जमेना. भाऊ म्हणतो, आठ बाय चार फुटांची १९ मिलिमीटरची अख्खी प्लायवूड शीट आणू, खाली दोन इंची लाकडाची चौकट मारू आणि कुर्डुवाडीच्या खोलीत कायमचं बसवू; हलकं केलं तर दोन वर्षांत खिळखिळं होईल. ताई जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, नोकरी बदलीची. त्यांना वाटतं, वडील जिकडे जातील तिकडे मॉडेलही जावं. त्या विचारतात: हलकं, मजबूत आणि नेता-आणता येणारं असं तिन्ही एकदम जमतं का, की मजबुती हवी तर भावाचं ऐकावं? वडिलांचे हात हल्ली थरथरतात. मग या वयात हा खटाटोप करावा तरी का?

ताई,

तिन्ही एकदम जमतं. वडिलांनी ज्या रेल्वेवर उमेदीची वर्षं काढली ती रेल्वेच मुळी या विचारावर उभी होती.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं बार्शी लाइट बांधली. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. रूळ इतके बारीक की मीटरला साधारण १५ किलो. आज मुख्य मार्गावर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. अशा रुळांवरून भरलेल्या मालगाड्या न्यायच्या म्हणून कॅलथ्रॉपनं ठरवलं की इंजिन असो की वॅगन, कुठल्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार जास्त आसांवर वाटायचा, आणि वॅगनचे सांगाडे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे करायचे, म्हणजे वजन कमी आणि ताठपणा तेवढाच. ही लाइन पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, वारीची गर्दी तिनं वाहिली, आणि शंभराहून जास्त वर्षं चालली. (याच माणसानं नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. वजनाचा एवढा बारीक विचार करणाऱ्याला ते सुचलं याचं मला नवल वाटत नाही.) हे भावाला सांगून पाहा. रेल्वेवाल्याच्या घरात हा दाखला प्लायवूडच्या दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा वजनदार ठरेल.

भावाची काळजी मात्र खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. तुम्ही दोघंही 'मजबूत' म्हणताय, पण कशापुढे मजबूत? आपण १:८७ हे प्रमाण, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग, आणि ९ मिलिमीटर अंतराचे रूळ धरतोय (मापाचं पुढं सांगते). या आकाराचं मॉडेल इंजिन पाव किलोचंही नसतं. डबे जोडून अख्खी गाडी अर्ध्या किलोत बसते. गाडीच्या ओझ्यानं कुठलंच मॉडेल मोडत नाही. ते मोडतं जिन्याच्या वळणावर, उंबऱ्याला कोपरा लागला की, डिकीत आडवं-तिडवं कोंबलं की, किंवा घाईत कुणी एकाच कोपऱ्याला धरून उचललं की. हे सगळे मार वजनाबरोबर वाढतात. भावाच्या हिशेबाची शीट एकटीच पस्तीसएक किलो भरेल. दोन इंची चौकट धरली की पन्नाशी ओलांडेल. मग खोलीला रंग द्यायचा म्हटलं तरी चार माणसं बोलवावी लागतील, आणि दारातून काढताना ती उभी करावी लागेल. डोंगर, झाडं, फलाट यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता ताठपणा कुठून आणायचा ते बघू. प्लायची एखादी पट्टी आडवी धरून दाबा, वाकेल. तीच उभी धरून दाबा, हलणार नाही. पट्टीची उभी उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून जाडी वाढवून पैसे आणि पाठ दोन्ही खर्च करण्यापेक्षा पातळ पट्ट्या उभ्या वापरायच्या. तुमच्यासाठी मी ९० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद असे चार तुकडे सुचवेन. लांबीच्या दोन बाजूंना ६ मिलिमीटर प्लायच्या ९० मिलिमीटर उंच पट्ट्या. दोन्ही टोकांना मात्र १२ मिलिमीटर प्लाय, कारण जोडाचा सगळा ताण तिथं येतो. मध्ये ६ मिलिमीटरच्या दोन आडव्या पट्ट्या. त्यांना मधोमध तीनेक सेंटिमीटरची भोकं पाडा, वजनही घटेल आणि वायरी जायला वाट होईल. प्लाय साधा कमर्शियल चालेल, पण उघड्या कडांना सीलर किंवा प्रायमर लावल्याशिवाय पुढं जाऊ नका. एमडीएफ घेऊ नका. ते प्लायपेक्षा जड असतं आणि पाणी लागलं की फुगतं.

कोपऱ्यात आतून पाऊण इंची चौकोनी लाकडी ठोकळे, पांढरा फेव्हिकॉल, गुण्यानं काटकोन तपासायचा आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये सोडून द्यायचं. ६ मिलिमीटर प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा मोह टाळा, पदर सुटतात. सुताराला हे आधी नीट सांगा, कारण त्याचा हात सवयीनं खिळ्याकडे जाणार.

वरच्या पृष्ठभागासाठी गच्चीचं ऊन अडवायला टाकतात ते दाट फोमचं २५ मिलिमीटर जाडीचं शीट घ्या. ते निळं, गुलाबी किंवा हिरवट असतं. वॉटरप्रूफिंगचं सामान विकणाऱ्याकडे चौकशी करा. पांढरं थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात. दाट फोम सुरीनं कोरता येतो, म्हणजे नाला, ओढ्यावरची मोरी, रुळांखालचा भराव सगळं त्यातूनच निघतं आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचं वजन वाचतं. फक्त पिवळं, उग्र वासाचं सोल्युशन आणि थिनरचा रंग त्याच्या जवळ नेऊ नका, फोम विरघळतो. पांढरा फेव्हिकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंग एवढंच वापरा. फोम मिळालाच नाही तर ४ मिलिमीटर प्लाय वरून चिकटवा आणि एक आडवी पट्टी वाढवा.

हलक्या चौकटीचा खरा शत्रू पीळ आहे, आणि नेमकी तीच गोष्ट बहुतेक जण विसरतात. चपलांचं रिकामं खोकं घ्या, झाकण काढा आणि दोन टोकं उलट दिशांना पिळा. सहज पिळलं जातं. झाकण कडेनं चिकटवून पुन्हा पिळा, फरक हाताला कळेल. म्हणून आपल्या चौकटीच्या तळालाही ३ मिलिमीटरचा प्लाय चिकटवायचा. वायरींसाठी त्यात हात जाईल एवढ्या खिडक्या कापा, पण चारी कडांना चार बोटं पट्टी राखा. असा एक तुकडा अडीच किलोच्या आसपास होतो. रूळ, खडी, झाडं धरून साडेतीन. भावाच्या पद्धतीनं याच मापाचा तुकडा केला तर नुसतं लाकूडच दहा-अकरा किलोचं होईल. शिवाय चार तुकडे ओळीनं जोडले की लांबी तीन मीटर साठ, म्हणजे जवळजवळ बारा फूट. यार्ड लांबट असतं, त्याला आठ बाय चारच्या चौकोनापेक्षा ही ओळ शोभते.

माझं माप मात्र डोळे झाकून घेऊ नका. प्लाय कापण्याआधी त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करा आणि ते घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत चढा, वळणावर फिरवा, गाडीच्या मागं ठेवून बघा. जिना सांगेल ते माप खरं. न्यायच्या वेळी दोन तुकडे तोंडाला तोंड करून ठेवायचे आणि दोन्ही टोकांना प्लायची एकेक उभी पाटी बोल्टनं कसायची. झाडं-इमारती आत सुरक्षित राहतात आणि तुकडेच एकमेकांची पेटी होतात. आराखडा करतानाच एक लक्षात ठेवा, एका तुकड्यावरची पाण्याची टाकी दुसऱ्यावरच्या झाडासमोर येऊ नये. वरून जुनी सोलापुरी चादर गुंडाळा. अशा दोन पेट्या, प्रत्येकी आठ-नऊ किलोच्या. एक तुम्ही घ्या, एक मुलाला द्या. कुर्डुवाडी ऐंशीएक किलोमीटर. मागची सीट पाडलेल्या छोट्या गाडीतून त्या आरामात जातील.

सगळ्यात जास्त वेळ जोडांवर घालवा, कारण पुन्हा पुन्हा उघडायचं-जोडायचं मॉडेल चौकटीत फारसं बिघडत नाही, सांध्यात बिघडतं. ९ मिलिमीटरच्या रुळांत अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी चाक उतरतं. आधी १२ मिलिमीटर प्लायचा, जमलं तर लोखंडी पत्र्याचा, टोकाच्या पाटीचा एकच साचा बनवा: दोन पिनांची भोकं, दोन बोल्टांची भोकं आणि रुळाच्या मध्याची खूण. सगळ्या टोकांची भोकं याच साच्यावरून पाडायची. अमेरिकेत १९७० च्या दशकात एनट्रॅक नावानं हीच रीत रुजली. प्रत्येकानं आपल्या घरी दोन बाय चार फुटांचा तुकडा करायचा, टोकं मात्र ठरलेल्या मापाची. मग अनोळखी लोकांचे तुकडेही एका हॉलमध्ये जुळतात. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की चारही तुकडे एका घरात व्हायची गरजच नाही. दोन कुर्डुवाडीत भाऊ करेल, दोन सोलापुरात तुम्ही. तुमचं भांडण अर्धं इथंच मिटावं.

नुसत्या बोल्टवर जोड सोपवू नका. बोल्ट तुकडे आवळून धरतो, नेमक्या जागी आणत नाही. त्याचं भोक नेहमी थोडं सैल असतं. जागा धरायला पितळी पिना आणि बुशा हव्यात. त्या करून घ्यायला सोलापूरसारखं गाव नाही. यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले तुमच्याकडे आहेत, ८ मिलिमीटरची पिन आणि तिच्यावर घट्ट सरकणारी बुश हे त्यांचं किरकोळ काम. पिनेचं टोक जरा निमुळतं करायला सांगा. मग पिना जागा धरतील, आणि हातानं फिरवायच्या पंखवाल्या नटांचे दोन बोल्ट आवळायचं काम करतील. पाना शोधावा लागणार नाही.

रूळ टाकायचे ते तुकडे पक्के जोडून झाल्यावर. जोडावरून रूळ सलग न्या, शक्यतो काटकोनात, आणि जोडापासून दहा सेंटिमीटरच्या आत गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा (पॉइंट) बसवू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना, अगदी कडेला, तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या चिकटवून स्क्रूनं बसवा आणि रूळ त्यांना सोल्डर करा. दोन रुळांच्या मधल्या भागात तांबं खरवडून तोडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट होईल. हे सगळं झाल्यावरच बारीक करवतीनं किंवा कटिंग डिस्कनं रूळ जोडाच्या रेषेवर कापायचे. दोन बाजू आपोआप समोरासमोर येतात.

वीजेचं काम सोपं आहे: १२ व्होल्ट डीसी, प्रत्येक तुकड्याखालून दोन जाड वायरी, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला आपापली जोडणी, आणि तुकड्यांमध्ये उलटा बसूच शकणार नाही असा प्लग.

सोलापूरच्या उन्हाचा विचार मात्र करावाच लागतो. डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली त्रेचाळीस अंशांची दुपार यांत निकेल सिल्व्हरचा ९० सेंटिमीटरचा रूळ जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांबतो. थंडीत टाकलात तर तेवढी फट सोडा. एप्रिल-मेमध्ये टाकलात तर टोकाला टोक भिडवलं तरी चालेल, पुढं तो आक्रसणारच आहे. तुकडे छोटे असल्याचा इथंही फायदा होतो, फरक साठत जात नाही. आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत पेट्या ठेवू नका. आतली हवा इतकी तापते की फोम मऊ पडू शकतो. घरात ठेवताना जमिनीला टेकवू नका, वाळवीला ६ मिलिमीटर प्लाय म्हणजे काहीच नाही.

आता एक वेगळा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. हे सगळं वडिलांपासून लपवायचं कशासाठी? पंचाहत्तरीच्या दिवशी कापड बाजूला केल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल हे बघायची ओढ मी समजू शकते. पण यार्डात कुठला रूळ कुठं होता, ब्रॉडगेजच्या वॅगनमधला माल नॅरोगेजमध्ये कुठं चढवत, गार्डाचा डबा शंटिंगमध्ये कसा मागं घेत, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत आहे. त्यांना बाजूला ठेवून केलेलं यार्ड ते कौतुकानं बघतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यातली चूक दिसेल. चूक सांगायची की मुलांचं मन राखायचं, असा पेच त्यांच्यावर कशाला आणायचा? लपवाछपवी सोडा. वाढदिवसाला एकच तुकडा द्या: चौकट तयार, जोड तयार, वर कोरा फोम. सोबत चार तुकडे ओळीनं आखलेला मोठा कागद, खऱ्या मापाचा. यार्ड त्यांनी काढायचं.

हात थरथरतात म्हणून काम नको, हे गृहीतही एकदा तपासून बघा. सोल्डरिंग आणि रूळ कापणं नातवंडांकडे किंवा तुमच्याकडे राहू दे. आराखडा, रंगांची निवड, खडी पसरणं, कुठल्या वॅगनवर काय लिहिलेलं होतं हे सांगणं, आणि शेवटी गाडी चालवणं, यातलं काहीही थरथरत्या हातानं होतं. कंट्रोलर मोठ्या गोल बटणाचा घ्या, बारीक सरकपट्टीचा नको. मॉडेलची उंची खुर्चीत बसून हात पोचेल अशी, पंचाहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर ठेवा. घडी होणाऱ्या दोन टेबलांवर तुकडे बसतात. वेगळे पाय केलेत तर टोकाला उंची कमी-जास्त करणारे बोल्ट लावा, जुन्या घरांच्या फरश्या सपाट नसतात. ते थकले किंवा कंटाळले, तर काम अर्धं राहील. राहू दे. दोन तुकड्यांवरही शंटिंग होतं, आणि सुट्या तुकड्यांचा मोठा गुण हाच की काम कुठल्याही टप्प्यावर थांबलं तरी गाडी चालते.

मापाबद्दल थोडं. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणून ९ मिलिमीटरचे तयार रूळ तुमच्या नॅरोगेजला चपखल बसतात. ते मुळात १:१६० च्या स्टँडर्ड गेज (१४३५ मिलिमीटर) गाड्यांसाठी असतात, त्यामुळे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, जरा दाट दिसतात. यार्डात ते खडी-मातीत बुडवले की खटकत नाहीत. बार्शी लाइटचं इंजिन तयार मिळेल या भरवशावर राहू नका. १:१६० चं छोटं चालतं इंजिन घेऊन त्यावर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिक शीटचं अंग चढवा. शेजारी ब्रॉडगेजची एक सायडिंग दाखवायची असेल तर त्याच प्रमाणात १६७६ मिलिमीटरचे सव्वाएकोणीस होतात आणि तयार रूळ साडेसोळाचे येतात. नुसत्या उभ्या वॅगनींसाठी हातानं रूळ टाका. जुळेलही आणि नॅरोगेज खरी नाजूक दिसेल. नातवंडांना गाडी गोल फिरताना बघायची असेल, तर ९ मिलिमीटरमध्ये १५ सेंटिमीटर त्रिज्येची तयार वळणं मिळतात. आखूड डबे ती घेतात, आणि अख्खं वर्तुळ ४० सेंटिमीटर रुंदीत मावतं.

ज्या वाचकांकडे आधीच १:८७ च्या, साडेसोळा मिलिमीटर रुळांवरच्या मोठ्या गाड्या आहेत, त्यांनी वर्तुळाचा हट्ट धरण्याआधी विचार करावा. नेहमीच्या १८ इंच त्रिज्येच्या वळणालाच मीटरभर रुंदी लागते, आणि मीटरभर रुंद काहीही जिन्यातून नीट जात नाही. १२० बाय ४५ सेंटिमीटरचे लांबट तुकडे, एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या उभ्या करायची जागा, असं करा. पट्टीची उंची तीच ९० मिलिमीटर, आडव्या पट्ट्या दोनऐवजी तीन.

ताई, भावाला पटवण्यासाठी वाद घालू नका. पहिली चौकट करा, दोन टोकांखाली दोन विटा ठेवा आणि मधोमध त्याला तळहातानं दाबायला सांगा. मग एका कोपऱ्याला धरून उचलायला सांगा आणि दोन टोकं पिळायला सांगा. ती कुरकुरली तर पुढचे तुकडे त्याच्या पसंतीच्या जाडीचे करा. नाही कुरकुरली, तर साचा त्याच्या हातात द्या आणि कुर्डुवाडीचे दोन तुकडे त्याच्याकडून करून घ्या.